आयलाबाईंचे हुकूम

आमच्या घरात हुकूम सोडण्याची एक ठरलेली रीत होती. आई बाबांना म्हणायची, ‘अहो, जेवायला या’, ‘जरा पाय वर घ्या, केर काढतेय’. बाबा आईला म्हणायचे, ‘चहा टाक’, ‘माझं ऑफिसचं कार्ड कुठंय बघ’. मी बाबांना ‘या’ म्हणायचे आणि आईला ‘ये’. नागपूरची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, फोनवरून आईला हे खा, ते खाऊ नकोस, असं बजावत असायची. यात कोणाचा उद्दामपणा नव्हता. मराठी घरांत असंच बोलतात आणि आईला त्याचं काही वाटतही नसे. पण इंग्लंडात आल्यापासून आईला ‘या, बसा’ असं कोणी म्हटलेलं माझ्या कानावर आलं नव्हतं, हे मात्र खरं. ते पहिल्यांदा आलं ते ब्रॅकनेलच्या एका स्विमिंग पूलवर, क्लोरीनच्या वासात, आणि तेही फिनिश भाषेत.

बाबा सॉफ्टवेअरमधले. वर्क व्हिसावर आलेले. त्यामुळे ‘आपण इथे पाहुणे आहोत’ हे वाक्य आमच्या घरात देवाच्या फोटोसारखं कायम टांगलेलं असायचं. भाड्याचं घर, एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं. डाव्या भिंतीपलीकडे एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यांचा टीव्ही आम्हाला ऐकू यायचा, म्हणजे आमचं सगळं त्यांना ऐकू जात असणार, असा आईचा हिशेब. म्हणून ती कुकर लावायची तो त्यांची गाडी बाहेर पडल्यावर. फोडणी घालायची ती खिडकी घट्ट लावून आणि वरचा पंखा घरघरवत ठेवून. मी जिन्यावरून धावले तर ‘मनू, हळू’ असं दबक्या आवाजात ओरडायची. दबक्या आवाजात ओरडणं ही कला मी फक्त माझ्या आईकडेच पाहिली. वास नको, आवाज नको, कोणाची तक्रार नको. ते म्हातारं जोडपं मुळात जरा बहिरं होतं आणि त्यांना आमच्या फोडणीचा वास फार आवडायचा, हे आम्हाला कळलं तोवर आम्ही ते घर सोडायला आलो होतो.

मी बारा वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. माझ्या मैत्रिणींना सांगायची मला इतकी लाज वाटायची की पोट दिसायला लागल्यावर मी आईला शाळेच्या फाटकापाशी येऊ दिलं नाही. आईची शुगर वाढली होती. सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, मिडवाइफने सांगितलं की लेझर सेंटरमध्ये, म्हणजे गावच्या क्रीडासंकुलात, गरोदर बायकांसाठी पाण्यातल्या व्यायामाचा क्लास असतो, दर शनिवारी, तिथे जा. आईला पोहायला येत नव्हतं. शिवाय पोहण्याचे कपडे! ती पहिल्या दिवशी लेगिंग आणि बाबांचा जुना टी-शर्ट घालून गेली आणि लाइफगार्डने तिला काठावरच अडवलं. आई तशीच मागे फिरणार होती. तेवढ्यात पाण्यातून एक साठीची उंच, रुंद खांद्यांची बाई वर आली, स्वतःचा लांब बाह्यांचा निळा पोहण्याचा झगा बॅगेतून काढून आईच्या हातात ठेवला आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तुल्का.” म्हणजे ‘या’.

ही बाई क्लास घेणारी. फिनलंडची. ब्रिटिश माणसाशी लग्न करून इकडे आली होती, नवरा वारला होता, आणि आयुष्यभर तिने शाळांमधून मुलांना कवायत शिकवली होती. तिचं नाव आयला. आता मराठी माणसाने हे नाव कसं घ्यायचं? बाबांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा त्यांच्या नाकातून आला. “अगं, तिला हाक मारताना लोकांना वाटेल मी पाय आपटून घेतला,” असं म्हणून ते किती तरी वेळ हसत होते. आई तिला तोंडावर मॅडम म्हणायची आणि घरात आयलाबाई. ‘बाई’ जोडलं की त्यातला वात्रटपणा जरा कमी होतो, असं तिचं म्हणणं.

आयलाबाई इंग्रजी उत्तम बोलायच्या, पण हुकूम मात्र फिनिशमधूनच सोडायच्या. त्यांचं म्हणणं, इंग्रजीत हुकूम सोडला की तो विनंतीसारखा तरी वाटतो नाहीतर भांडणासारखा, मधलं काही त्या भाषेत नाही. पोटुशा बायका पाण्यात गोल करून उभ्या असत आणि आयलाबाई काठावरून एकेक शब्द फेकत असत. ओदोत्ताका, म्हणजे थांबा. हेंगित्तॅकॅ, म्हणजे श्वास घ्या. पुहाल्ताका, फुंकर मारा. लेवॅत्कॅ, विसावा घ्या. सगळ्यांच्या शेवटी का नाहीतर कॅ. आपल्याकडे शेवटी ‘का’ आला की तो प्रश्न. त्यामुळे आई पहिले दोन शनिवार गोंधळून गेली होती. “ही बाई हुकूम सोडते की विचारते, तेच कळत नाही गं मला,” असं ती बसमध्ये म्हणाली. मी काठावरच्या बाकावर आईचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली असायचे. मला दुसरा उद्योग नव्हता. महिन्याभरात मला ते सगळे हुकूम पाठ झाले आणि मी घरी बाबांना सोफ्याकडे बोट दाखवून ‘इस्तुका’ म्हणायला लागले. बाबाही निमूटपणे बसायचे. बसा म्हटल्यावर कोण बसत नाही?

क्लासच्या शेवटी एक हुकूम ठरलेला असायचा. हूताका. ओरडा. बायकांनी छातीपर्यंत पाण्यात उभं राहून, पोटातून, असेल नसेल तेवढा आवाज काढायचा. इंग्लिश बायका आधी खिदळायच्या आणि मग अशा किंचाळायच्या की शेजारच्या तलावातली मुलं थबकायची. आई तेव्हा फक्त तोंड उघडायची. आवाज नाहीच. आरतीच्या वेळी कडवं न येणारी माणसं ओठ हलवतात ना, तशी. आयलाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्या दर वेळी आईपाशी येऊन थांबायच्या, एकटीलाच उद्देशून पुन्हा म्हणायच्या, “हूताका, रोउवा,” आणि आई मान खाली घालून हसायची. रोउवा म्हणजे बाईसाहेब. एकदा आईने मला विचारायला लावलं की आईला एकटीला सांगतानाही तुम्ही सगळ्यांना सांगितल्यासारखं का सांगता. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी अनोळखी बाईला अनेकवचनातच सांगायचे, हल्लीची तिकडची पोरं सगळ्यांना एकेरीतच बोलतात पण त्यांना ते जमत नाही. मी आईला मराठीत सांगितलं की म्हणजे त्या तुला ‘ओरडा’ म्हणतायत, ‘ओरड’ नाही. पुढच्या शनिवारी आई क्लासला जाताना नवी टिकली लावून गेली. पाण्यात टिकली पडली, ही गोष्ट वेगळी.

मग कळलं की आयलाबाईंचं घर आमच्या मागच्या कुंपणापलीकडेच आहे. कुंपणाची एक फळी निघालेली होती, तिथून त्या ताजे पाव द्यायच्या. गोडसर, वळ्यावळ्यांचे, आणि त्यात वेलदोडा. आईने पहिला तुकडा तोडला, वास घेतला आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. वेलदोड्याचा वास म्हणजे तिच्या आईचा शिरा, आणि तिची आई मला कळायला लागायच्या आधीच गेलेली. दुसऱ्याची बशी रिकामी परत द्यायची नाही हा आपला नियम, म्हणून आईने त्यात चकल्या घालून पाठवल्या. आयलाबाईंचाही तोच नियम निघाला. त्या दोघींच्यात ती बशी इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की आज ती कोणाची होती हे मला सांगता येणार नाही. सध्या ती माझ्याकडे आहे.

बाळंतपणाला मावशी येणार होती. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळं तिने बांधून ठेवलं होतं, पण तिचा व्हिसा काही येईना. मग ती फोनवरून धीर देत राहिली. तिच्या प्रत्येक फोनचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा. “आपल्या घराण्यात बाळंतपणात तोंड उघडणारी बाई झाली नाही. ओठ मिटायचे आणि सोसायचं. आई आपल्या वेळी कशी होती, लक्षात ठेव.” आई ‘हो ताई’ म्हणायची. मला ते तेव्हा फार शूरपणाचं वाटायचं. माझ्या वेळीही आईने हूं की चूं केलं नव्हतं, हे मावशी मला कौतुकाने सांगायची. आज मात्र ते वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि मावशी आता नाही म्हणून ती तिडीक कोणावर काढायची तेही कळत नाही.

तो दिवस शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीतला. तारखेला अजून बराच अवकाश होता. बाबा क्लायंटकडे कॉव्हेंट्रीला गेले होते. दुपारी मी किचनच्या टेबलापाशी भूगोलाचा नकाशा रंगवत होते आणि आई पोळ्या लाटत होती. पोळपाटावर लाटण्याचा एक ठेका असतो. आपल्याला तो ऐकू येतो आहे हे कळतसुद्धा नाही, घड्याळासारखा. तो ठेका थांबला. मी वर पाहिलं नाही. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी पाहिलं. आई लाटणं दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून, ओट्यावर वाकून उभी होती. तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मग तिने श्वास सोडला, पोळी उलटली आणि पुढची लाटायला घेतली.

“आई, दुखतंय का?”

“थोडं. कणीक संपवू दे, वाया जाईल.”

मी हॉस्पिटलला फोन कर म्हणून तिच्या मागे लागले. तिने हात धुतले, पदर नसताना पदर सारखा केल्यागत कुर्ता सारखा केला, आणि फोन लावला. आईचं फोनवरचं इंग्रजी हे वेगळंच प्रकरण होतं. एकदम मऊ, इस्त्री केलेलं. सॉरी टु डिस्टर्ब यू, असं तिने सुरू केलं. पलीकडची मिडवाइफ मायेने प्रश्न विचारत असणार, कारण आई ‘नो, नो, आय ॲम फाइन, थँक यू’ असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. बोलता बोलता एक कळ आली. मी पाहिलं. आईचा डावा हात ओट्याच्या कडेला असा रुतला की नखं पांढरी पडली. आणि त्याच क्षणी ती फोनवर म्हणाली, “येस, येस, आय कॅन टॉक.” आवाजात कंप नाही की काही नाही. त्या बाईंनी सांगितलं की बोलता येतंय म्हणजे अजून वेळ आहे, गरम पाण्याने अंघोळ करा, पॅरासिटामॉल घ्या, कळा वाढल्या की पुन्हा फोन करा. त्यांचं काय चुकलं? इथे कळा किती जोरात आहेत हे बाईच्या आवाजावरून ओळखतात. आणि आईला आवाज लपवण्याचं शिक्षण जन्मापासून मिळालेलं.

आईने फोन ठेवला आणि विजयाने म्हणाली, “बघ. अजून वेळ आहे म्हणाल्या.” मी बाबांना फोन लावला, तो थेट व्हॉइसमेलवर गेला. “मीटिंगमध्ये असतील, सारखा नको करूस,” असं म्हणेपर्यंत पुढची कळ आली. ती हळूहळू खाली बसली, ओट्याच्या कपाटाला पाठ लावून, आणि फरशीवर पाणी पसरलं. मला क्षणभर वाटलं पाण्याचं पातेलं सांडलं. मग कळलं. आईने खांद्यावरचं पुसायचं फडकं तोंडात धरलं होतं. दात रुतवून. मी तिच्यासमोर उभी होते, आणि त्या एवढ्या मोठ्या कळेचा घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. शेजारचा टीव्ही ऐकू येत होता. हीटरच्या पाइपातली टिकटिक ऐकू येत होती. फडकं तोंडातून काढल्यावर आई पहिलं वाक्य काय बोलली असेल? “मनू, आधी ती फरशी पूस. कोणी आलं तर काय म्हणेल.”

मी फडकं घ्यायला वळले. मला एकदम लख्ख कळलं की ही बाई अशीच गुपचूप, नीटनेटकी, शेजाऱ्यांना त्रास न देता मरून जाईल आणि आपण फरशी पुसत बसू. मी म्हटलं, मी आयलाबाईंना आणते. आई म्हणाली, “नको. लोकांना कशाला त्रास. मनू, जाऊ नकोस. मी सांगतेय ना.” आईचं मी कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. मागचं दार उघडं टाकून मी धावले आणि फळीच्या फटीतून पलीकडे गेले. माझा स्वेटर खिळ्याला अडकून फाटला. आयलाबाईंच्या किचनच्या काचेवर मी दोन्ही हातांनी मारलं. त्या हात पिठाने भरलेल्या अशा दारात आल्या आणि माझी इंग्रजी, मराठी सगळी भाषा पळाली. तोंडातून आलं ते एकच. “तुल्का! तुल्का!”

या. इतक्या मोठ्या बाईंना मी हुकूम सोडला होता. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. त्या फटीतून मावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी शेजारची फळी दोन्ही हातांनी उपटली आणि आमच्या अंगणात आल्या.

किचनमध्ये आई त्यांच्याकडे पाहून चक्क हसली. सॉरी मॅडम, म्हणाली. आयलाबाई तिच्यासमोर ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसल्या, तिच्या हातातलं फडकं घेतलं, त्यावरच्या दातांच्या खुणा पाहिल्या. मग मला म्हणाल्या, अँब्युलन्ससाठी नाइन नाइन नाइन लाव आणि स्पीकरवर ठेव. मी फोन ओट्यावरून ओढून फरशीवर ठेवला. पलीकडचा माणूस शांतपणे विचारत होता. पेशंट शुद्धीवर आहे का, कळा किती अंतराने, तिच्याशी बोलता येईल का. आई लगेच फोनकडे तोंड करून तिच्या इस्त्रीच्या आवाजात म्हणाली, “हॅलो, आय ॲम ओके, जस्ट लिटल डिस्कम्फर्ट.”

आयलाबाईंनी आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या गालांना पीठ लागलं. त्या इंग्रजीत, अगदी हळू बोलल्या. ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. “माझ्या आईची चार बाळंतपणं झाली. एकदाही तिने आवाज केला नाही. आमच्याकडेही हाच मोठेपणा असतो. तिसऱ्या वेळी शेजारच्या खोलीत माणसं कॉफी पीत होती आणि त्यांना काही कळलं नाही. आम्ही भावंडं तीनच आहोत.” मी ते आईसाठी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण आईला कळलं होतं.

पुढची कळ आली तेव्हा आईने सवयीने ओठ मिटले आणि मला खुणेने सांगितलं, खिडकी लाव. मी उठले. आयलाबाई म्हणाल्या, राहू दे उघडी. आणि मग त्या कवायतीच्या मैदानावर सोडत असतील तशा आवाजात, अनेकवचनात, अदबीने म्हणाल्या, “हूताका, रोउवा. हूताका!”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कळेपेक्षा लाज जास्त होती. लेकीसमोर ओरडायची लाज. मी काय करावं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही म्हटलं, “आई, हूताका.” आणि मग माझ्या आईने तोंड उघडलं.

“आई गंऽऽ!”

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तो कुठल्या तळघरातून आला होता कोण जाणे. भिंतीपलीकडचा टीव्ही एकदम बंद झाला, म्हणजे बहिऱ्या म्हाताऱ्यांपर्यंतही तो पोचला. ती तिच्या गेलेल्या आईला हाक मारत होती, पुन्हा पुन्हा, ब्रॅकनेलच्या त्या गल्लीत, खिडकी सताड उघडी टाकून. फोनवरच्या माणसाचा सूर तेवढ्यात बदलला. गाडी निघाली आहे, पण बाळ आधी येईल असं दिसतंय, मी सांगतो तसं करा, टॉवेल आणा, असं तो भराभर सांगायला लागला. तो इंग्रजीत सांगत होता, मी मराठीत सांगत होते, पण आईला आम्हा दोघांचंही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त आयलाबाईंचं ऐकू येत होतं. इतके शनिवार तिचं अंग त्याच शब्दांवर हललं होतं. हेंगित्तॅकॅ म्हटलं की तिची छाती भरायची. घाई करू नका असं फोनवाला म्हणाला की आयलाबाई पुहाल्ताका म्हणायच्या आणि आई फू फू करून दम धरायची. मध्ये एकदा आयलाबाई “ॲल्कॅ पेलॅत्को” म्हणाल्या. हा शब्द पाण्यात कधी आला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, घाबरू नका. आयुष्यभर त्यांनी पोरांना उड्या मारायला शिकवलं होतं, बाळंतपण त्यांनीही कधी केलं नव्हतं.

पोन्निस्ताका, जोर करा, हा हुकूम आला आणि आई अशी ओरडली की माझ्या हातातले टॉवेल खाली पडले. पुढच्याच क्षणी आयलाबाईंच्या पिठाळ हातांत माझा भाऊ होता. निळसर, चिकट, आणि गप्प.

फोनवाला विचारत होता, बाळ रडतंय का? मी म्हटलं, नाही. टॉवेलने चोळा, पाठ चोळा, जोरात. आयलाबाई चोळत होत्या. बाळाचं डोकं इकडून तिकडे हलत होतं, बाहुलीचं हलावं तसं. मी श्वास घ्यायची विसरले होते. आयलाबाई काहीतरी पुटपुटत होत्या, ते हुकूम नव्हते, बहुधा देवाला काही म्हणत असाव्यात. घरात पुन्हा ती शांतता आली, मघाचीच, फडकं तोंडात धरलेली. आणि त्या शांततेत आई कोपरांवर उठली. घसा पार बसलेला, केस तोंडावर आलेले. माझ्या आईने आयुष्यात कोणाला जरबेने काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. ती त्या इवल्याशा निळ्या जिवाला म्हणाली,

“ओरड. ओरड, मी सांगतेय ना. ओरड रे!”

तो शिंकल्यासारखा झाला. मग एक बारीक, चिडका, किरटा आवाज निघाला आणि मग तो जो सुरू झाला तो अँब्युलन्सची माणसं आत आली तरी थांबला नाही. आयलाबाई कपाटाला टेकून बसल्या आणि हमसून रडल्या. मीही रडले. एकटी आई रडली नाही. ती अँब्युलन्सवाल्या मुलीला म्हणाली, “प्लीज, शूज,” आणि मग स्वतःच हसली.

बाबा कॉव्हेंट्रीहून कसे आले हे त्यांनाही सांगता येत नाही. हॉस्पिटलमध्ये ते आईच्या पलंगापाशी नुसते उभे होते. म्हणाले, मला एक फोन करायचा होतास. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “केला होता. आता बसा.” संध्याकाळी मावशीचा फोन आला. आनंदाची रडारड झाली, वजन विचारून झालं, आणि मग तिने कौतुकाच्या सुरात तो ठरलेला प्रश्न विचारला, तोंड उघडलं नाहीस ना? मी खुर्चीत श्वास रोखून बसले. आई म्हणाली, “उघडलं, ताई. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.” मग मावशी अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, “बरं केलंस.” तिची स्वतःची किती बाळंतपणं झाली होती आणि मुलं किती होती, याचा विचार माझ्या मनात त्यानंतर खूप वर्षांनी आला.

भाऊ आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. त्याचं मराठी दिव्य आहे. ‘माझी जन्म किचनमध्ये झाली’ असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगतो, आणि आम्ही कोणी ते सुधारत नाही. आयलाबाई पुढे धाकट्या बहिणीकडे फिनलंडला परत गेल्या. दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं, एक वर्ष आलं नाही, आणि मग त्यांच्या बहिणीने कळवलं. आईने त्या दिवशी वेलदोडा घालून शिरा केला, खिडकी उघडी ठेवून. आमच्याकडे आता फोडणीही उघड्या खिडकीतच होते.

माझी वेळ आली तेव्हा मी हाउन्सलोला राहत होते आणि आई बाळंतपणासाठी माझ्याकडे येऊन राहिली होती. मी इथे वाढलेली, नोकरी करणारी, मीटिंगमध्ये चारचौघांना गप्प करणारी बाई. मला काय कोणी ओठ मिटायला शिकवलं नव्हतं. कळा सुरू झाल्या, मी सोफ्याच्या पाठीला धरून उभी राहिले आणि हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून मायेने विचारलं, कसं वाटतंय. आणि माझ्या तोंडून आईचा तो मऊ, इस्त्री केलेला आवाज निघाला. “आय ॲम फाइन, थँक यू. सॉरी टु बॉदर यू.” मी स्वतःच चकित झाले, पण पुढचं बोलायच्या आत आईने सोफ्यापलीकडून हात लांब करून फोन माझ्या कानापासून काढून घेतला.

“हॅलो,” ती म्हणाली. मोठ्याने, कोणाचीही माफी न मागता. “शी इज माय डॉटर. शी विल ऑलवेज से फाइन. प्लीज डोन्ट बिलीव्ह हर.”

मग तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, “हूताका, मनू.”